कणीक मळणाऱ्या हातातला कॅमेरा

एका फोटोत एक बाई स्वयंपाकघरात पावाची कणीक मळते आहे. दुसऱ्या फोटोत तीच बाई उघड्या माळावर घोड्याच्या पाठीवर ताठ उभी आहे. बसलेली नव्हे, उभी. पहिला फोटो १९०४ चा, दुसरा १९१२ चा. बाईचं नाव एव्हलिन कॅमरन, आणि मुलूख अमेरिकेतल्या माँटाना राज्याचा पूर्व भाग. यलोस्टोन नदीकाठच्या टेरी नावाच्या चिमुकल्या गावाभोवती ती तीसहून अधिक वर्षं राहिली, गुरं-घोडी सांभाळली आणि फोटो काढले.

आपल्याकडे काऊबॉय आला तो सिनेमाच्या पडद्यावरून. ‘मॅकेनाज गोल्ड’ पाहिलेल्या पिढीला विचारा: टोपी, पिस्तूल, धूळ आणि पाठलाग. गुरं कुठे असलीच तर पार्श्वभूमीला. प्रत्यक्षातला काऊबॉय मात्र महिन्याला तीस-चाळीस डॉलरवर राबणारा घोडेस्वार गडी होता, आणि त्याचा दिवस पिस्तुलापेक्षा दोरात, धुळीत आणि शेणात जायचा. जुने फोटो मला आवडतात ते यासाठी. त्यांत काम दिसतं.

ते काम समजायला आधी तिथली व्यवस्था समजून घ्यावी लागते. १८८० च्या दशकात माँटानाच्या कुरणांना कुंपण नव्हतं. अनेक मालकांची गुरं सरकारी माळावर मिसळून चरत. वसंतात सगळ्या रँचचे, म्हणजे गुरं पाळणाऱ्या मोठ्या मळ्यांचे, गडी एकत्र येऊन शेकडो मैलांच्या टापूतली गुरं हाकत आणत, हा राऊंडअप. वासरू ज्या गाईच्या मागे जाईल, त्या गाईच्या मालकाची खूण त्याच्या अंगावर तापल्या लोखंडाने डागायची. खुणा सरकारदरबारी नोंदवलेल्या असत. गड्यांबरोबर स्वयंपाकाची गाडी फिरे आणि तिच्या स्वयंपाक्याशी कुणी वाकडं घेत नसे, कारण पोटाची दोरी त्याच्या हातात.

हे सगळं एव्हलिनच्या आधी ज्याने टिपलं तो लेटन हफमन. तो १८७९ च्या सुमारास माँटानातल्या कीओ किल्ल्यावर लष्कराचा छायाचित्रकार म्हणून आला. लिटल बिगहॉर्नच्या लढाईनंतर लाकोटा आणि शायान या तिथल्या मूळ रहिवासी लोकांना नमवण्यासाठी उभारलेला हा किल्ला. हफमनने त्या लोकांचे चेहरे टिपले, आणि बायसनचे, म्हणजे रानगव्यांचे, कळप कातड्यांसाठी कापले जात होते तेही टिपलं. १८८३ पर्यंत उत्तरेच्या माळावरचे बायसन जवळजवळ संपले. माणसं राखीव प्रदेशात ढकलली गेली, बायसन गेले, म्हणून तर गुरांना एवढा माळ मोकळा मिळाला. रँचच्या फोटोंतलं ते विशाल आकाश पाहताना हे विसरून चालत नाही.

हफमनच्या आरंभीच्या काळात काचेच्या प्लेटवर कोलोडियन या रसायनाचा थर चढवून ती ओली असतानाच फोटो घ्यावा लागे आणि लगेच धुवावा लागे. म्हणजे डार्करूम पाठीवर घेऊनच हिंडायचं. धावतं जनावर टिपणं जवळजवळ अशक्य. कोरड्या प्लेट बाजारात आल्या आणि घोड्यावर कॅमेरा बांधून राऊंडअपला जाता येऊ लागलं. पुढे मात्र हफमनने हेच जुने फोटो रंगवून विकले. १८८६-८७ च्या हिवाळ्यात माळावरची लाखो गुरं गारठून, उपासमारीने मेली होती आणि काटेरी तारेने कुरणं तुकड्यातुकड्यांत वाटली जात होती. खुला माळ डोळ्यांदेखत जात होता, तसा त्याच्या फोटोंना भाव येत होता. गेलेल्याची हळहळ हा चांगला धंदा असतो, तेव्हाही होता.

टेक्ससचा अर्विन स्मिथ त्याच हळहळीचा शिष्य. १८८६ चा जन्म, म्हणजे खरा खुला माळ संपत आला तेव्हाचा. शिल्पकला शिकलेला. १९०५ नंतरच्या काही वर्षांत तो मोठमोठ्या रँचवर गड्यांबरोबर राहिला. घोडा, स्वार आणि हवेत सुटलेला फास यांची त्याची मांडणी शिल्पासारखी रेखीव. पण मला त्याचे टेक्ससमधल्या बॉनम गावातले कृष्णवर्णीय काऊबॉयचे फोटो जास्त मोलाचे वाटतात. काऊबॉयमध्ये काळे होते, मेक्सिकन होते. मुळात घोड्यावरून गुरं राखण्याची बरीचशी कला मेक्सिकोकडून आलेली. पडद्यावर ते बहुतेक गायब झाले, स्मिथच्या काचेवर राहिले.

आता एव्हलिनकडे वळू. ती इंग्लंडमधल्या बड्या घरातली, लॉर्ड बॅटरसीची सावत्र बहीण. यूअन कॅमरन या पक्षीवेड्या स्कॉटिश माणसाशी लग्न करून १८८९ मध्ये शिकारीसाठी माँटानात आली आणि पुढे तिथेच दोघांनी संसार मांडला. पोलोची घोडी वाढवून इंग्लंडला विकायचा बेत होता. तो सपशेल फसला. यूअन पक्ष्यांच्या नोंदींत रमलेला, त्यामुळे रँच एव्हलिननेच ओढली. गाई पिळणं, वासरं डागणं, शिंगरं माणसाळवणं, भाजीचा मळा, आणि चार पैशांसाठी घरी पैसे देऊन राहणारे पाहुणे. त्यांतल्याच एकाकडून १८९४ मध्ये ती कॅमेरा शिकली. मग फोटोच्या एका प्रतीला पंचवीस सेंट घेऊन तोही जोडधंदा केला.

अंगमेहनतीची तिला मनापासून हौस होती, हे तिने लिहून ठेवलं आहे. घोड्यावर ती पुरुषांसारखी दोन्हीकडे पाय टाकून बसे, त्यासाठी दुभागलेला घागरा घाले. जवळच्या माइल्स सिटी गावात या पोशाखासाठी तिला अटकेचा दम मिळाला होता.

तिच्या फोटोंचा वेगळेपणा इथून येतो. हफमन विकायला फोटो काढत होता, स्मिथ जपायला; एव्हलिन जे करत होती तेच टिपत होती. मेंढ्यांची लोकर कातरणारे, एक्सआयटी या अवाढव्य टेक्ससी रँचचे माँटानातले गडी, सुतारकाम करणारे, धुणं वाळत घालणाऱ्या बायका. शेजारच्या रँचवर बकली घराण्यातल्या तीन बहिणी गड्यांची सगळी कामं करत. केसांच्या तांबूस रंगावरून पंचक्रोशीत त्यांना ‘लाल कालवडी’ म्हणत. एव्हलिनच्या फोटोंत त्या लाजत नाहीत की नटत नाहीत. फोटो काढणारीही दोर टाकणारीच आहे, हे त्यांना ठाऊक होतं. नवऱ्याच्या पक्षी-नोंदींसाठी तिने गरुड-ससाण्यांची घरटीही चढून टिपली. यूअनचे लेख ‘द ऑक’ या पक्षीशास्त्राच्या नियतकालिकात छापून आले.

१९०८ च्या सुमारास मिलवॉकी रेल्वे टेरीत पोचली, १९०९ च्या कायद्याने ३२० एकर जमीन फुकट मिळू लागली आणि शेतकरी लोटले. त्यांत रशियात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले जर्मनही होते. रँचवाल्यांना हे लोक डोळ्यांसमोर नको असत. एव्हलिनने मात्र त्यांच्या गवती मातीच्या ढेकळांनी बांधलेल्या घरांपुढे कुटुंबं उभी करून फोटो काढले. कपडे ठेवणीतले, पाठीमागे उजाड माळ. १९१७ पासून दुष्काळ पडत गेला आणि त्यांतले हजारो जण जमीन सोडून निघून गेले. कित्येक घरांची आठवण आता फक्त अशा फोटोंतच उरली असेल.

यूअन १९१५ मध्ये वारला. एव्हलिन इंग्लंडला परतली नाही, १९१८ मध्ये अमेरिकन नागरिक झाली आणि १९२८ च्या डिसेंबरात, नाताळच्या दुसऱ्या दिवशी टेरीत वारली. काचेच्या प्लेट, प्रती आणि पस्तीस रोजनिशा मैत्रीण जॅनेट विल्यम्सच्या तळघरात पडून राहिल्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीस डॉना ल्यूसी या संपादिकेला त्यांचा माग लागला. तिथे सुमारे १,८०० निगेटिव्ह आणि अडीच हजार मूळ प्रती होत्या. ल्यूसीचं पुस्तक १९९० मध्ये आलं. आज हा संग्रह हेलेना इथल्या माँटाना हिस्टॉरिकल सोसायटीत आहे आणि टेरीच्या छोट्या संग्रहालयातही एव्हलिनचं दालन आहे. स्मिथचा संग्रह फोर्ट वर्थच्या एमन कार्टर संग्रहालयात आहे.

नुसते फोटो पाहून थांबू नये, रोजनिशाही वाचाव्यात. त्यांत हवामान, चारा-पाणी, सकाळ-संध्याकाळची धार, भाजलेले पाव असं सगळं रोजच्या रोज टिपलेलं, आणि त्याच रांगेत, तितक्याच कोरडेपणाने, अमक्याचा फोटो काढला, तमक्याच्या प्लेट धुतल्या.