टिटवीचं पिल्लू दिसलं? उचलू नका!

मार्च ते ऑगस्ट या काळात सोसायटीशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर, बागेतल्या खडीवर, कधी चक्क गच्चीवर टिटवी अंडी घालते. घरटं कसलं, नुसता खळगा आणि भोवती चार खडे! अंडी बहुधा चार, मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची. साधारण चार आठवड्यांनी पिल्लं बाहेर येतात आणि लवकरच चालू लागतात. त्यांना भरवावं लागत नाही, किडे स्वतःच टिपतात.

ओळख सोपी: काटकुळे लांब पाय, ठिपकेदार मातकट पाठ, मानेमागे पांढरा पट्टा. पिल्लू काळंभोर असेल तर ते बहुधा पाणकोंबडीचं.

आईबाप ओरडले की पिल्लू जमिनीला चिकटून निपचित पडतं. लोकांना वाटतं आजारी आहे, आणि ते खोक्यात घालून घरी आणतात. भूतदयेचा हा प्रकार मांजराने पिल्लू पळवण्यापेक्षा फारसा बरा नाही! पिल्लाजवळून जाताना टिटव्या डोक्यावर झेपावतील, पण तेवढं सोसा.

कुत्रं बांधून ठेवा, गवतकापणी थोडे दिवस पुढे ढकला, उघडे चेंबर झाका. पिल्लू खरंच जखमी असेल तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.