मानेला बसलेला हिसका

मोटारअपघात म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गाडीचा चुराडा आणि रक्ताचे थारोळे उभे राहते. सिग्नलपाशी थांबलेल्या गाडीला मागून धक्का बसला, पत्रा थोडा चेपला, दोन्ही चालकांची बाचाबाची झाली आणि जो तो आपल्या वाटेने गेला, तर त्याला आपण अपघात म्हणतच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पुढच्या गाडीच्या चालकाची मान वळत नाही. एक्स-रे काढला जातो; हाडे जागच्या जागी असतात. मग मालक म्हणतो, "सोंग आहे." चालकांच्या संघटनेचे काम करताना हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला की, या विषयावरची पुस्तके मिळवून वाचणे मला भाग पडले. मी डॉक्टर नव्हे, शाळाही लवकर सुटलेली. जे वाचून आणि ताडून पटले तेवढेच आपल्यापुढे मांडतो.

प्रथम मानेचे गणित पाहू. माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो. ते सात मणक्यांवर तोललेले असते. डोक्यावर पाण्याचा हंडा घेतलेल्या बाईला मागून कोणी ढकलले, तर ती पुढे जाते आणि हंडा मागे पडतो. गाडीत तसेच होते. आसन पाठीला पुढे रेटते, धड पुढे जाते, डोके मात्र जागीच राहू पाहते. सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास मान इंग्रजी 'एस' अक्षरासारखी वाकते. खालचे मणके मागे कलतात, वरचे पुढे. स्नायूंना सावरायला वेळच मिळत नाही. हाड मोडत नाही. ताण बसतो तो स्नायूंवर, अस्थिबंधांवर आणि मणक्यांमधील लहान सांध्यांच्या आवरणांवर. हे मऊ भाग एक्स-रेत उमटत नाहीत. दुखणेही पुष्कळदा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी जाणवते. पत्रा किती चेपला यावरून मानेला किती लागले, हे ठरवता येत नाही ते यामुळेच.

न दिसणाऱ्या दुखण्याचा हा वाद मोटारीहून जुना आहे. इंग्लंडमध्ये आगगाड्यांच्या टकरींतून वरवर धडधाकट बाहेर पडलेले उतारू पुढे पाठदुखी, निद्रानाश आणि अशक्तपणाची तक्रार करीत. लंडनचे शस्त्रवैद्य जॉन एरिक एरिक्सन यांनी १८६६ मध्ये या विषयावरील आपली व्याख्याने प्रसिद्ध केली. धक्क्याने मज्जारज्जूला इजा होते, असे त्यांचे म्हणणे. १८८३ मध्ये हर्बर्ट पेज यांनी त्याला उत्तर दिले: यांतील बरेचसे परिणाम भीतीचे आहेत. पेज रेल्वे कंपनीचे शस्त्रवैद्य होते. ते खाल्ल्या मिठाला जागले, असे म्हणणे सोपे आहे; पण ते अन्यायाचे होईल. एरिक्सन यांची उपपत्ती पुढे टिकली नाही, आणि भीतीने शरीर खरोखर आजारी पडते हे पेज यांचे म्हणणे आज कोणी नाकारीत नाही. 'व्हिपलॅश', म्हणजे आसुडाचा फटकारा, हा शब्द अमेरिकेतील डॉक्टर हॅरॉल्ड क्रो यांनी १९२८ मध्ये वापरला. त्यांना केवळ मानेची हालचाल वर्णायची होती. लोकांनी तेच रोगाचे नाव केले.

आता मालकपक्षाचा सर्वांत बळकट पुरावा. लिथुआनियात अशा इजेला भरपाई मिळण्याची फारशी सोय नव्हती. तेथे मागून धडक बसलेल्यांत मानेचे जुनाट दुखणे इतरांहून अधिक आढळले नाही, असे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. पाहणी लहान आहे, असा आक्षेप त्यावर आला. कॅनडातील सस्कॅचेवन प्रांताने १९९५ मध्ये 'चूक कोणाची' हा वाद काढून टाकणारी विमापद्धती आणली आणि वेदनेबद्दलची भरपाई बंद केली. तेव्हा दावे घटले आणि लवकर निकाली निघू लागले. याचा अर्थ आधीचे सारे ढोंगी होते काय? मला तसे वाटत नाही. ज्याला आपले दुखणे वर्षानुवर्षे सिद्ध करीत बसावे लागते, त्याला ते विसरणे परवडत नाही. संशय हाही दुखणे लांबविणारा एक घटक आहे.

उपचाराचा विचार आता पालटला आहे. पूर्वी गळपट्टा बांधून पडून राहण्यास सांगत. आता सोसेल तितकी मान हलवीत राहावे, थोडे दिवस वेदनाशामक घ्यावे आणि नेहमीच्या कामावर लवकर परतावे, असा सल्ला देतात. पुष्कळांना काही आठवड्यांत वा महिन्यांत आराम पडतो. काहींचे दुखणे वर्षाहून अधिक टिकते. मात्र हातापायांत मुंग्या किंवा बधिरपणा, पकड ढिली होणे, लघवीवरचा ताबा जाणे, मानेच्या मधोमध हाडावर तीव्र दुखणे यांपैकी काही असेल, तर मान न हलविता तत्काळ रुग्णालय गाठावे.

कायद्याची बाजूही ध्यानात असू द्या. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे दावा करता येतो. तो अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा. धक्का किरकोळ वाटला तरी पोलिसांत नोंद करावी आणि दुखू लागताच डॉक्टरांकडून ते कागदावर उतरवून घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सांगितले की, अवयवाच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईतील घट एकच नव्हे. डावा हात गेलेल्या सुताराचा रोजगारच जाईल, कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल. मानेलाही हाच न्याय लावून पाहा. मागे वळून पाहता न येणारा कारकून काम करू शकतो. चालक काय करील?

शेवटी एक बिनखर्चाची गोष्ट. गाडीच्या आसनावर डोक्यामागे जी उशी असते, ती झोपण्यासाठी नाही. डोके मागे फेकले जाऊ नये म्हणून आहे. पुष्कळ गाड्यांत ती खाली दाबलेलीच असते. तिची वरची कड डोक्याच्या माथ्याशी यावी आणि ती डोक्याच्या शक्य तितकी जवळ असावी. आज घरी जाताना स्वतःची उशी वर घ्या आणि ज्याच्या हाती चाक आहे, त्याचीही पाहा.