सर्व्हर गप्प का बसतो?

"नेट गेलं" ही दोन शब्दांची तक्रार आपण रोज ऐकतो. तिच्यात निदान सहा-सात वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. घरी छोटा सर्व्हर ठेवणाऱ्याला ते वेगवेगळे ओळखावेच लागतात, कारण त्याला तक्रार करायला दुसरे कोणी नसते.

सर्व्हर म्हणजे मागेल त्याला माहिती पुरवणारा संगणक. त्यासाठी मोठे यंत्रच हवे असे नाही. शाळकरी मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावे या हेतूने इंग्लंडमध्ये रास्पबेरी पाय नावाचा, एकाच पट्टीवर मावणारा संगणक तयार झाला आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला. त्याची लांबी ८५ मिलिमीटर, रुंदी ५६. त्यातल्या मेमरी कार्डावर मराठी विकिपीडिया आणि शालेय पाठ्यपुस्तके मावू शकतात.

समजा, परभणी जिल्ह्यात जिंतूरच्या एका शिक्षिकेने असा संगणक घरच्या राउटरला जोडून ठेवला आहे आणि गल्लीतली मुले मोबाईलवर त्यातले वाचतात. याला इंटरनेट लागतच नाही, घरचे वाय-फाय पुरते. दुपारी वीज जाते, तासाभराने येते आणि मुले सांगत येतात, "बाई, सर्व्हर बंद पडला." पुष्कळदा तो बंद नसतोच. तो चालू असतो, पण त्याच्यापर्यंतचा रस्ता कोठेतरी तुटलेला असतो. हे न कळल्यामुळे चांगले उपकरण कपाटात जाऊन पडते आणि मुलांचे वाचन थांबते.

तपासाची सुरुवात विजेपासून करू. या संगणकाला ५ व्होल्ट लागतात. विद्युतदाब साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली उतरला की तो 'दाब अपुरा' अशी सूचना नोंदवतो. आता शाळेत शिकलेला ओहमचा नियम आठवा. मोबाईलच्या बारीक, लांब केबलचा रोध ०.२५ ओहम आहे आणि तिच्यातून २ अँपिअर धारा वाहते असे धरू. २ गुणिले ०.२५ म्हणजे अर्धा व्होल्ट केबलमध्येच खर्च झाला. चार्जरवर ५ व्होल्ट छापलेले असले तरी पट्टीपर्यंत ४.५ च पोचले. गंमत अशी, की काम हलके असते तेव्हा धारा कमी, म्हणून दाबाची घटही कमी, आणि सगळे सुरळीत चालते. दहा मुले एकदम वाचू लागली की धारा वाढते, दाब पडतो आणि संगणक अडखळतो किंवा पुन्हा सुरू होतो. दोष वाय-फायला दिला जातो, खरा दोषी असते केबल. जाड, आखूड केबल आणि योग्य चार्जर लावून पाहावे.

वीज ठीक असेल तर रस्ता तपासायचा. परभणीहून नांदेडला निघालेली गाडी पोचली नाही, तर आधी पूर्णा जंक्शनला चौकशी करावी. गाडी पूर्णेला आली असेल तर परभणी ते पूर्णा मार्ग निर्दोष ठरतो. संगणकाच्या जगात ही चौकशी 'पिंग' या आज्ञेने होते. अमेरिकेतील माइक म्यूस यांनी ती डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली. पाणबुडीचा शोध घेताना ध्वनी सोडून प्रतिध्वनीची वाट पाहतात, त्या आवाजावरून तिचे नाव पडले. पिंग एखाद्या पत्त्यावर छोटा संदेश पाठवते आणि उत्तर किती मिलिसेकंदांत आले ते सांगते.

संगणकाला टीव्ही व कळफलक जोडून क्रमाने चार ठिकाणी पिंग करावे. (आकडे इंग्रजी अंकांत टाइप करायचे.) पहिले १२७.०.०.१, म्हणजे आपण स्वतः. दुसरे घरचा राउटर, बहुधा १९२.१६८.१.१. तिसरे घराबाहेरचा एखादा ठाऊक असलेला पत्ता, जसे ८.८.८.८. चौथ्या वेळी आकड्यांऐवजी एखाद्या संस्थळाचे नाव द्यायचे. जिथे उत्तर येणे थांबते, त्याच्या अलीकडच्या टप्प्यात बिघाड शोधायचा.

राउटर उत्तर देत नसेल तर आपल्या संगणकाला पत्ता मिळाला आहे का ते पाहावे. राउटर हा वसतिगृहाच्या अधीक्षकासारखा असतो. येणाऱ्या प्रत्येक उपकरणाला तो खोली क्रमांक देतो. वीज परत आल्यावर संगणक कधी राउटरच्या आधी जागा होतो, पत्ता मागतो आणि अधीक्षक झोपलेलाच असतो. काही संगणक थोडे प्रयत्न करून थांबतात. मग पत्ता दिसतच नाही किंवा १६९.२५४ ने सुरू होणारा स्वतःच घेतलेला पत्ता दिसतो. राउटर पूर्ण सुरू झाल्यावर संगणक पुन्हा चालू केला की काम होते. कधी याच्या उलट घडते. राउटर नवाच क्रमांक देतो आणि मुले जुन्याच खोलीचे दार ठोठावत राहतात. म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये सर्व्हरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवावा. आमच्या मते हे काम पहिल्याच दिवशी उरकावे.

वाय-फायने जोडणी असेल तर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. जुन्या पट्ट्यांना २.४ गिगाहर्ट्झच्याच लहरी कळतात. राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर ठेवला असेल तर त्यांना तो दिसतच नाही. शिवाय धूळ बसू नये म्हणून कोणी संगणक स्टीलच्या डब्यात ठेवतात. धातूचा बंद डबा रेडिओलहरी अडवतो. वर मे महिन्यातली परभणीची उष्णता त्यात कोंडते, आणि ८० अंश सेल्सिअसच्या आसपास संगणक आपला वेग आपणच कमी करू लागतो.

आकड्याला उत्तर येते पण नावाला येत नाही, असे झाले तर नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा बिघडली आहे. नाव देऊनही पिंग होते, तरी संस्थळ उघडत नाही, असे असेल तर मात्र घड्याळ पाहावे. पायच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत पट्टीवर बॅटरीचे घड्याळ नव्हते. पाचवीत ते आले, पण बॅटरी वेगळी घ्यावी लागते. उन्हाळ्याच्या सुटीत बंद ठेवलेला संगणक जूनमध्ये सुरू केला, तर तो शेवटी नोंदवलेल्या वेळेपासून, म्हणजे एप्रिलपासूनच मोजू लागतो. एरवी तो इंटरनेटवरून वेळ दुरुस्त करून घेतो, पण ती विचारणा कोठे अडली तर एप्रिलमध्येच राहतो. सुरक्षित संस्थळांच्या प्रमाणपत्रांवर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. मे महिन्यात दिलेले प्रमाणपत्र त्याला उद्याच्या तारखेचे वाटते आणि तो ते नाकारतो. तारीख हाताने बदलली की अडचण सुटते.

राहिला पुण्याच्या मामाचा प्रश्न. गल्लीत सर्व्हर चालतो, मग त्याला तिकडून का दिसत नाही? जुन्या पद्धतीचे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे एकूण ४,२९,४९,६७,२९६. त्यांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला. म्हणून अनेक कंपन्या पुष्कळ घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या दरम्यानच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर आपण त्या सामायिक पत्त्यामागे आहोत. अशा वेळी राउटरशी कितीही झटापट केली तरी त्या पत्त्यावरून मामा आत येणार नाही. कंपनीकडून स्वतंत्र पत्ता मागावा लागतो, आणि त्याला बहुधा जादा पैसे पडतात. १२८ बिटांचे नवे पत्ते मात्र भरपूर आहेत. ते दोन्ही टोकांना मिळत असतील आणि राउटरने आत येण्याची परवानगी दिली, तर मामालाही जिंतूरचे पुस्तक उघडता येईल.