सुनेला शिकवणारा राजा

बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा विषय निघाला की एरवी आमच्या बाया एकदम बोलतात, कोणाचं कोणाला ऐकू येत नाही. परवा राळेगाव तालुक्यातल्या एका गावात मात्र चोवीस वर्षांची एक सून कोपऱ्यात गप्प बसून होती. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याने फवारणीचं औषध घेतलं. का घेतलं, हे यवतमाळ जिल्ह्यातल्या मैत्रिणींना मी सांगायला नको. पदरी एक मुलगा. तिला बारावीची परीक्षा द्यायची होती. सासू म्हणाली, "आता शिकून काय कलेक्टर होनार हाय थे?"

मला पटकन उत्तर सुचेना. बी.ए.ला माझा इतिहास होता. रशियाच्या झार दुसऱ्या अलेक्झांडरने १८६१ साली भूदासांना मुक्त केलं, हे आम्ही पाठ केलं होतं. आपल्या कोल्हापूरचे शाहू महाराज म्हणजे १९०२ सालचं पन्नास टक्के आरक्षण आणि राधानगरीचं धरण, बस! त्यांच्या घरात काय घडलं ते मी लग्नानंतर, मुलं शाळेत गेली की वाचत बसायची तेव्हा वाचलं. तेच तिथे सांगायला लागले.

महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजी १९१८ साली रानडुकराच्या शिकारीत अपघाताने गेले. लग्नाला जेमतेम एक वर्ष झालेलं. सून इंदुमती अकरा वर्षांची, म्हणजे आपल्याकडची पाचवी-सहावीतली पोर! राजघराण्यातली विधवा म्हणजे पडद्याआड जन्म काढायचा, हे ठरलेलंच. महाराजांनी तिला कोल्हापूरजवळ सोनतळीला नेलं, शिक्षक नेमले, एकटी पडू नये म्हणून वेगवेगळ्या समाजांतल्या मुली सोबत शिकायला ठेवल्या. पोटचा मुलगा गेलेला आणि हा बाप सुनेच्या अभ्यासाची काळजी करतोय. मला तर हे धरणापेक्षा अवघड वाटतं. दुसऱ्यांसाठी कायदा करणं सोपं, घरातल्या बायकांची नाराजी अंगावर घेणं कठीण.

कायदेही त्यांनी केलेच. १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा. त्याच वर्षी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड! १९१९ मध्ये तर बाईला घरात क्रूरपणे वागवणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा आला. आपल्या देशाचा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा. मधली ८६ वर्षं मोजा.

आणि हा राजा काही फक्त पश्चिम महाराष्ट्राचा नव्हे बरं का. मे १९२० मध्ये नागपूरला बहिष्कृत समाजाची परिषद भरली, तिचे अध्यक्ष तेच होते. तेव्हा प्रकृती खालावत चालली होती. ६ मे १९२२ ला मुंबईत ते गेले. वय अवघं ४७.

एवढं ऐकून सासूबाईंनी विचारलं, "मंग थे राणी शिकली का नाही?"

शिकली. सासरे गेल्यावरही शिकत राहिली आणि १९२५ साली मॅट्रिक झाली. पुढे कोल्हापुरात बायका-मुलींसाठी तिने संस्था काढल्या.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. बैठक संपली, चहा झाला. निघताना त्या सुनेने मला फाटकापाशी गाठलं आणि सतरा नंबरचा फॉर्म कुठे मिळतो ते विचारलं. मी म्हटलं, मीच आणते. फीचे पैसे गटातून कर्जाने देऊ, असं अध्यक्षबाईंनी तिथेच सांगून टाकलं. राहिला प्रश्न परीक्षेच्या दिवसांत पोराला कोण सांभाळणार याचा. आतून आवाज आला, "मी काय मेली हावो?"