फॉर्मवरचे नाव आणि घराचा धनी

"दादांनी सोसायटीत धाकट्याचं नाव नॉमिनी म्हणून लावलं होतं, म्हणजे फ्लॅट धाकट्याचा." दिवसकार्य उरकले, पाहुणे पांगले की हे वाक्य कुणीतरी बोलतेच. थोरला गप्प होतो, बहिणी एकमेकींकडे पाहतात आणि पुढची दहा वर्षे राखीपौर्णिमेला एका घरी कुणी जात नाही. यातले दुर्दैव असे की ते वाक्य मुळातच चुकीचे असते.

नॉमिनी हा मिळकत सांभाळून वारसांपर्यंत पोचवणारा माणूस असतो. सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली विम्याच्या पैशांबाबत हे स्पष्ट केले आणि डिसेंबर 2023 मध्ये कंपन्यांच्या शेअर्सबाबतही तेच सांगितले. सोसायटी, बँक किंवा कंपनी यांना एका माणसाशी व्यवहार करून मोकळे होता यावे, एवढ्यासाठी नामनिर्देशनाची सोय आहे. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात 2019 मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळे प्रकरण आले. त्यात नॉमिनीला केवळ तात्पुरता सभासद म्हटले आहे. खरे वारस सभासद होईपर्यंतच तो त्या जागी असतो. विम्यात मात्र एक गाठ आहे. 2015 च्या दुरुस्तीनंतर आईवडील, जोडीदार किंवा मुले नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच, असे कलम सांगते. त्याचा अर्थ लावताना उच्च न्यायालयांचे एकमत झालेले नाही.

1 नोव्हेंबर 2025 पासून बँकेच्या ठेवींना चारपर्यंत नॉमिनी लावता येतात आणि प्रत्येकासमोर टक्केवारी लिहिता येते. सोय चांगली आहे. पण टक्केवारी दिसली की लोक तिलाच वाटणी समजणार. संयुक्त खात्याचेही तसेच. 'दोघांपैकी एक किंवा हयात असलेला' असे खाते असेल, तर मागे राहिलेल्याला पैसे देऊन बँक सुटते. ते पैसे कोणाचे, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

"मृत्युपत्र कशाला? मी गेल्यावर सगळं हिचंच आहे."

निवृत्त माणसांच्या तोंडी हे हमखास असते आणि ते प्रेमाने म्हटलेले असते. कायद्याचे गणित वेगळे आहे. हिंदू वारसा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. त्यानुसार पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई हे पहिल्या वर्गाचे वारस सारखे वाटेकरी होतात. आई या यादीत आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. वडील मात्र नाहीत.

समजा, कोल्हापुरातला एक गृहस्थ पंचावन्नाव्या वर्षी अचानक गेला. मागे बायको, दोन मुले आणि ऐंशीची आई. त्याने स्वतः घेतलेल्या फ्लॅटचे चार वाटे पडले आणि आईला पाव हिस्सा मिळाला. दोन वर्षांनी आईही मृत्युपत्र न करता गेली. आता तिच्या पाव हिश्शात तिची सगळी मुले-मुली आली, म्हणजे त्या विधवेच्या फ्लॅटमध्ये दीर आणि नणंद कायदेशीर भागीदार झाले. यात कुणाची लबाडी नाही. फ्लॅट विकायचा झाला की प्रत्येकाची सही लागणार, आणि त्यातला एखादा ऑस्ट्रेलियात असणार. साध्या कागदावरच्या चार ओळींनी हे टळले असते.

बायकांच्या मिळकतीचे तर याहून वाईट आहे. विवाहित हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली आणि तिला नवरा किंवा मूलबाळ नसेल, तर तिची स्वकष्टाची मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिचे आईवडील त्यांच्या मागे. सर्वोच्च न्यायालयापुढे 2009 मध्ये अशा एका स्त्रीचे प्रकरण आले होते. लग्नानंतर काही महिन्यांतच नवरा गेला, सासरच्यांनी तिला बाहेर काढले, माहेरी राहून ती शिकली, नोकरी केली, बँकेत पैसे साठवले. ती गेल्यावर ते पैसे ज्यांनी तिला घराबाहेर काढले त्यांच्याच बाजूच्या नातेवाइकांना मिळाले, कारण कायद्याचे शब्द तसे होते आणि सहानुभूतीने ते बदलता येत नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. माहेराकडून वारशाने आलेली मिळकत असेल आणि मूल नसेल, तर ती वडिलांच्या वारसांकडे परत जाते, पण पगारातून घेतलेल्या घराला ही सवलत नाही. म्हणून नोकरी केलेल्या प्रत्येक बाईने, विशेषतः एकटीने राहणाऱ्या बाईने, नवऱ्याच्या मृत्युपत्राची चर्चा बाजूला ठेवून आधी स्वतःचे लिहावे असे मला वाटते.

"मृत्युपत्र स्टॅम्पपेपरवर हवं, रजिस्टर हवं, वकील हवा."

यातले काहीच सक्तीचे नाही. साधा कागद चालतो, हस्ताक्षर चालते, मराठी चालते. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच, आणि त्या साक्षीदारांनी त्याला सही करताना पाहिलेले असावे किंवा ही आपली सही आहे असे त्याने त्यांना सांगितलेले असावे. मुद्रांक शुल्क शून्य. डॉक्टरचा दाखला कायद्याने लागत नाही. पण वय झालेले असेल तर त्याच दिवशीचा 'शुद्धीवर व समजत्या अवस्थेत' असा दाखला पुढे फार उपयोगी पडतो. ज्याला मिळकत द्यायची त्यालाच साक्षीदार करू नये. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान असावेत, हेही लोक विसरतात. कॉलेजातल्या दोन समवयस्क मित्रांच्या सह्या घेतल्या आणि वादाच्या वेळी दोघेही हयात नाहीत, असे होते.

नोंदणी ऐच्छिक असली तरी करून ठेवावी. 'रजिस्टर केलं की पोरांना कळतं' ही भीती निराधार आहे. करणारा हयात असेपर्यंत नोंदवलेल्या मृत्युपत्राची प्रत त्याला किंवा त्याने नेमलेल्या माणसालाच मिळते. सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकांकडे ठेवण्याचीही सोय 1908 च्या नोंदणी कायद्यात आहे. उलटा गैरसमजही भेटतो: एकदा रजिस्टर केले की बदलता येत नाही. येते. शेवटचे मृत्युपत्र खरे धरले जाते, मग आधीचे नोंदवलेले आणि नंतरचे साध्या कागदावरचे का असेना.

प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्याची, धास्तीही अशीच. हिंदूंच्या मृत्युपत्राला महाराष्ट्रात प्रोबेटची सक्ती होती ती मुंबईपुरती. पुण्या-नाशिकात केलेल्या, तिथल्याच मिळकतीच्या मृत्युपत्राला ती कधीच नव्हती, आणि ज्या कलमातून ती आली ते कलमच संसदेने 2025 च्या डिसेंबरात काढून टाकले. मृत्युपत्रावर भांडण असेल तर कोर्ट लागणारच, ते वेगळे.

"कटकट नको, जिवंतपणीच मुलाच्या नावावर करून टाकतो."

महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन नवरा-बायको, मुलगा, मुलगी, नातवंडे यांना बक्षीसपत्राने द्यायची तर मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये आहे. स्थानिक अधिभार असेल तो वेगळा. या स्वस्ताईने अनेक घरांचे नुकसान केले आहे. मृत्युपत्र दहादा फाडता येते, पण नोंदवलेले बक्षीसपत्र मन बदलले म्हणून मागे घेता येत नाही.

"ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे ना, सांभाळलं नाही तर घर परत मिळतं," असे कट्ट्यावर सांगतात. अर्धेच खरे. 2007 च्या त्या कायद्यातले कलम 23 म्हणते की देखभालीच्या अटीवर मिळकत दिली आणि ती अट मोडली, तर ते हस्तांतर रद्द ठरवता येते. अट कुठेच नसेल तर? 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणात मदत नाकारली होती. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या बाजूने निकाल देताना त्याच न्यायालयाने कायद्याचा उदार अर्थ लावला आणि घराचा ताबाही तिला परत द्यायला लावला. पण तिथे मुलाने सांभाळण्याचे लेखी वचन दिलेले होते. तेव्हा बक्षीसपत्र करायचेच असेल तर त्यात तीन गोष्टी लिहून घ्या: आमची देखभाल मुलगा करील, आम्ही दोघे हयात असेतो या घरात राहू, आणि हे मोडल्यास बक्षीस रद्द होईल. लिहायला मुलगा कां-कूं करत असेल, तर उत्तर तिथेच मिळाले.

माझे मत विचाराल तर डोक्यावरचे एकुलते छप्पर हयातीत कुणालाही देऊ नये.

ज्येष्ठ नागरिकांच्या याच कायद्याने पोटगीही मागता येते. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा, रक्कम दरमहा कमाल 10,000 रुपये. अपत्य नसलेल्यांना वाटते की हा कायदा आपल्यासाठी नाही. ज्या नातेवाइकाकडे त्यांची मिळकत आहे किंवा वारशाने येणार आहे, त्याच्याकडे तेही मागू शकतात. मात्र सुनेला घराबाहेर काढायचे हत्यार म्हणून हा कायदा वापरता येत नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला मिळालेला निवाऱ्याचा हक्क या कायद्यापुढे आपोआप संपत नाही, हे 2020 मध्येच ठरले आहे.

"आजोबांची जमीन आहे, माझा जन्मापासून हक्क आहे." नातवाचे हे म्हणणे खरे ठरते ते मिळकत खरोखर एकत्र कुटुंबाची, वडिलोपार्जित असेल तरच. आजोबांनी स्वतः कमावलेली जमीन 1956 नंतर वारसा कायद्याने वडिलांना मिळाली असेल, तर ती वडिलांची स्वतंत्र मिळकत. नातवाला त्यांच्या हयातीत वाटप मागता येत नाही.

आणि मुली. लग्नात दिले-घेतले म्हणून त्यांचा वाटा संपत नाही, मग लग्न 1980 मधले असो की कालचे. महाराष्ट्राने 1994 मध्ये स्वतःची दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा दिला, पण त्या दिवशी अविवाहित असलेल्यांनाच. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वडील 2005 मध्ये हयात असण्याचीही गरज नाही. 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीने किंवा कोर्टाने झालेली वाटणी तेवढी शाबूत राहते. गावाकडे अजूनही वारसांच्या यादीतून बहिणींची नावे गाळून सातबारा केला जातो आणि 'फेरफार झाला, आता काय' म्हणून हात झटकले जातात. फेरफार ही महसुलाची नोंद आहे. तिने मालकी मिळत नाही, की बहिणीची जातही नाही. बहिणीला हक्क सोडायचाच असेल तर नोंदवलेले हक्कसोडपत्र लागते, चहाच्या कपाबरोबर पुढे केलेल्या कोऱ्या कागदावरची सही नाही.

गोव्यात हे बरेचसे मुळातच वेगळे आहे. तिथल्या नागरी कायद्यात अर्धी मिळकत मुलांसारख्या हक्काच्या वारसांसाठी राखीव असते, मृत्युपत्राने देता येते ती उरलेली अर्धीच. गोवेकराचा मुंबईतला फ्लॅटही त्याच नियमात येतो, असा 2019 चा निकाल आहे. मुसलमान कुटुंबांत मृत्युपत्राची मर्यादा साधारण एक तृतीयांश. शेजाऱ्याच्या मृत्युपत्राची नक्कल करणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे.

शेवटचा गैरसमज मिळकतीपेक्षा माणसाशी जवळचा आहे. "आईचं कुलमुखत्यारपत्र माझ्याकडे आहे, तिला काही झालं तर मी सगळं बघेन." मुखत्यारपत्र माणूस गेला की संपते. त्याची समज गेली तरी संपते, म्हणजे विस्मृतीच्या आजारात नेमके गरजेच्या वेळीच. मग पालकनियुक्तीसाठी न्यायालयात जावे लागते. दवाखान्यातल्या निर्णयांसाठी मात्र आधी लिहून ठेवता येते. कृत्रिम श्वासावर किती काळ ठेवायचे, निर्णय कोणी घ्यायचा, हे सांगणाऱ्या वैद्यकीय इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्यता दिली आणि जानेवारी 2023 मध्ये पद्धत सोपी केली. आता न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे लागत नाही. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. एक प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची, एक घरच्या डॉक्टरांना, आणि एक त्या मुलाला किंवा मुलीला, जिचा फोन रात्री दोनलाही लागतो.