वाघोलीच्या खडीतलं रसायन

गणित-विज्ञानात ३५ऐवजी २० गुणांना पास करायचं, पण गुणपत्रिकेवर ‘पुढे हे विषय घेता येणार नाहीत’ असा शेरा मारायचा. राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यातली ही तरतूद ऑक्टोबर २०२४मध्ये चर्चेत आली आणि वाद ठरल्या वळणाने गेला. कुणी दर्जा बुडाल्याची हाकाटी केली, कुणी पोरांच्या डोक्यावरचं ओझं उतरल्याचा आनंद मानला. बोर्डाच्या परीक्षेचा हंगाम आला की हा वाद पुन्हा निघतो. पस्तीस की वीस यावर एवढी शाई सांडते, पण पोरं रसायनशास्त्रात नेमकी कुठे अडतात हे कुणी विचारत नाही.

माझ्या मते ती संयुजेपाशी अडतात. सोडिअमची एक, कॅल्शिअमची दोन, ॲल्युमिनिअमची तीन हा तक्ता नववीत पाठ करायचा, मग तिरकस गुणाकार करून रेणुसूत्र लिहायचं. ज्या पदार्थाचं सूत्र लिहिलं तो वर्गात कुणी पाहिलेला नसतो. पुढे दहावीत रासायनिक समीकरणं, धातुविज्ञान, कार्बनी संयुगं अशी प्रकरणं येतात आणि त्या सगळ्यांचा पाया हा पाठ केलेला तक्ता. पाया डळमळीत असला की वरचे मजले ट्यूशनच्या टेकूवर उभे राहतात.

हा पाया दाखवायला पुण्याच्या जवळ एक झकास जागा आहे, ती म्हणजे वाघोली. नगर रस्त्यावरची कोंडी, टँकर आणि नव्या इमारतींचे फलक यांपलीकडे वाघोलीची जगात एक ओळख आहे, आणि ती बहुतेक वाघोलीकरांनाच माहीत नाही. इथल्या दगडखाणींत कॅव्हनसाइट नावाचं गडद निळं खनिज सापडतं. त्याचे जगातले सर्वोत्तम नमुने इथलेच मानले जातात. शास्त्रज्ञांनी त्याची पहिली नोंद १९७३मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या नमुन्यांवरून केली. पण ते नमुने अगदी बारीक होते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वाघोलीचे नमुने बाजारात आले आणि संग्राहकांच्या उड्या पडल्या. अमेरिकेत टक्सनला भरणाऱ्या खनिज प्रदर्शनात हा निळा दगड मांडला जातो, त्याच्या चिठ्ठीवर ‘वाघोली, पुणे’ असं लिहिलेलं असतं. इथे मात्र सुरुंग उडाला की डबर क्रशरमध्ये, खडी डंपरमध्ये, आणि डंपर कुठल्यातरी स्लॅबच्या दिशेने.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरांवर थर साचले. लाव्हात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे दगडातून गरम पाणी झिरपलं, जाता जाता त्याने दगडातली मूलद्रव्यं विरघळवून घेतली आणि पोकळ्यांत नेऊन साचवली. काळा पाषाण फुटला की आत पांढऱ्या स्टिल्बाइटचा थर दिसतो आणि त्यावर निळ्या सुयांचे गुच्छ. मोठा गुच्छ एखाददोन सेंटिमीटरचा, बाकी त्याहून लहान.

आता फळ्याकडे या. कॅव्हनसाइट हे नावच कॅल्शिअम, व्हॅनेडिअम आणि सिलिकेट यांच्या आद्याक्षरांतून जुळवलेलं. त्याच्या रेणुसूत्रात कॅल्शिअम १, व्हॅनेडिअम १, सिलिकॉन ४, ऑक्सिजन ११ आणि शिवाय पाण्याचे ४ रेणू. संयुजेचा हिशेब लावून पाहा. कॅल्शिअमचे धन २. व्हॅनेडिअमचे इथे धन ४, पण त्याने एक ऑक्सिजन स्वतःजवळ घट्ट धरलाय, त्याचे ऋण २ वजा झाले की या जोडीचे, म्हणजे व्हॅनेडिल मूलकाचे, उरले धन २. चार सिलिकॉनचे प्रत्येकी ४ प्रमाणे धन १६, त्यांच्या वाट्याच्या दहा ऑक्सिजनचे ऋण २०, म्हणजे सिलिकेटचे ऋण ४. दोन आणि दोन चार, त्यातून चार गेले. बेरीज शून्य! संयुजा म्हणजे एवढंच: सगळ्यांचं देणंघेणं मिटलं पाहिजे. आणि हे ज्याच्या बाबतीत मिटलंय तो पदार्थ वर्गाच्या भिंतीपलीकडच्या खाणीत पडलाय.

पाण्याचे ते ४ रेणू म्हणजे स्फटिकजल. मोरचूद परीक्षानळीत तापवून पांढरं करण्याचा प्रयोग ज्यांनी केलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. रेणुवस्तुमान काढायचं असेल तर ४० अधिक ५१ अधिक ११२ अधिक २४० अधिक ८, एकूण ४५१. त्यात पाण्याचे ७२, म्हणजे जवळपास १६ टक्के. दगडाच्या वजनाचा सहावा हिस्सा पाणी आहे हे ऐकून वर्गातली मागच्या बाकावरची पोरंही मान वर करतील. याच सूत्राचं दुसरं खनिज, पेंटॅगोनाइट, तेही वाघोलीत मिळतं. अणू तेच, संख्या तीच, मांडणी मात्र वेगळी. हिरा आणि ग्रॅफाइट या जोडीच्या शेजारी ही जोडी ठेवायला काय हरकत आहे?

मला मात्र खरी ओढ आहे ती निळ्या रंगाची. हा रंग व्हॅनेडिअमचा. आवर्तसारणीत अणुअंक २३, चौथं आवर्त, पाचवा गण, एका बाजूला टिटॅनिअम आणि दुसऱ्या बाजूला क्रोमिअम. परिवर्ती संयुजा शिकवताना आपण फेरस-फेरिकवर थांबतो. व्हॅनेडिअम चार अवस्था दाखवतो आणि प्रत्येकीचा रंग वेगळा: पाच असताना पिवळा, चार असताना निळा, तीन असताना हिरवा, दोन असताना जांभळा. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जस्त आणि आम्ल घालून हे चारही रंग एकाच चंचुपात्रात ओळीने दाखवता येतात. वाघोलीचा निळा म्हणजे चार.

या मूलद्रव्याचा शोध आंद्रेस मॅन्युएल देल रिओ या खनिजशास्त्रज्ञाने १८०१मध्ये मेक्सिकोत लावला. त्याच्या क्षारांचे नाना रंग पाहून त्याने आधी पॅनक्रोमिअम हे नाव योजलं. तापवल्यावर क्षार लाल होतात हे लक्षात आलं तेव्हा ते बदलून एरिथ्रोनिअम केलं. नमुने पॅरिसला गेले. तिथल्या कोले-देस्कोतील नावाच्या रसायनतज्ज्ञाने १८०५मध्ये निर्वाळा दिला की हे नवं काही नाही, अशुद्ध क्रोमिअम आहे. आणि देल रिओने आपला दावा मागे घेतला! पॅरिसच्या शब्दापुढे मेक्सिकोच्या परीक्षानळीची काय पत्रास. पुढे १८३०मध्ये स्वीडनच्या सेफस्ट्रॉमला तेच मूलद्रव्य लोखंडाच्या खनिजात सापडलं, त्याने व्हॅनेडिअम असं बारसं केलं, आणि वर्षभरात व्होलरने सिद्ध केलं की देल रिओचंच बरोबर होतं. आपल्या पाठ्यपुस्तकांत शास्त्रज्ञाचं चित्र आणि जन्म-मृत्यूची सनं असतात, असली भांडणं नसतात. ती असती तर ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ हे प्रयोगवहीतले दोन रकाने वेगळे का ठेवायचे, हे पोरांना आपोआप उमगलं असतं.

दुसरा धडा टँकरमध्ये भरून रोज दाराशी येतो. वाघोली जून २०२१मध्ये २२ इतर गावांसह महापालिकेत आली, पण टँकर काही थांबले नाहीत. त्यात बोअरचं पाणी. काळ्या पाषाणातून झिरपताना ते कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम घेऊन येतं, साबणाला फेस येत नाही, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणतात, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘जड पाणी’. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार काठिण्य लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावं. हे आकडे कॅल्शिअम कार्बोनेटच्या हिशेबात मोजतात.

सोसायटीच्या तळघरात सॉफ्टनरशेजारी मिठाची पोती का रचलेली असतात, हे दहावीच्या मुलाला विचारून पाहा. टाकीतल्या रेझिनवर सोडिअम बसलेला असतो. पाणी आत शिरलं की एक कॅल्शिअम अडकतो आणि दोन सोडिअम सुटतात. दोनच का? कारण कॅल्शिअमची संयुजा दोन आणि सोडिअमची एक. तोच तक्ता! रेझिन भरलं की मिठाच्या पाण्याने धुवायचं, म्हणजे अदलाबदल उलटी होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेझिन नव्हतं तेव्हा हे काम झिओलाइट कुळातली खनिजं करत, आणि वाघोलीच्या खाणीत निळ्या गुच्छांखाली पसरलेला तो पांढरा स्टिल्बाइट झिओलाइटच आहे. पाणी जड करणारा दगड आणि हलकं करणाऱ्या कुळातला दगड एकाच खाणीत निघतात.

याच वाघोलीत ‘संतुलन’ संस्थेने खाणकामगारांच्या मुलांसाठी पाषाण शाळा चालवल्या. या मुलांनी आईबापांच्या हातात रोज जो दगड पाहिला, त्याचं रसायन त्यांना कुठल्याही परीक्षेत विचारलं जात नाही. मग वीस गुणांचा शेरा नेमका कोणाच्या नावावर मारायचा? माझं मत विचाराल तर पोरांच्या नाही.

शाळांना फार खर्च नाही. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात महाराष्ट्राच्या पाषाणातली खनिजं मांडून ठेवली आहेत, सहलीची एक बस वॉटरपार्कऐवजी तिकडे वळवता येईल. कॅव्हनसाइटचा छोटा तुकडा, स्टिल्बाइटचा एक खडा आणि सोसायटीच्या नळाचं बाटलीभर पाणी एवढ्यावर नववीचं एक प्रकरण दोन तासांत शिकवून होतं. मुख्याध्यापकांना एकच विनंती: दगड विकत आणा किंवा खाणमालकाकडून मागून घ्या, मुलांना शोधायला खाणीत पाठवू नका. चालू खाणीत सुरुंग असतात आणि बंद खाणीत खोल पाणी.