डाव्या पायाची घाई

मोटरसायकलवरचा तुमचा सर्वात आवडता भाग कोणता, असं कुणी विचारलं तर लोक इंजिन म्हणतात, टाकीचा आकार म्हणतात, फार तर सायलेन्सरचा आवाज. माझं उत्तर ऐकून मित्र हसतात. मला गिअर लिव्हर आवडते. डाव्या बुटाच्या टोकाशी असलेली ती वीतभर दांडी आणि तिच्या पाठीमागचा कळकट, तेलकट इतिहास. या वेडापायी जुनी ओनर्स मॅन्युअल्स, सुट्या भागांच्या याद्या, गंजलेले शिफ्ट ड्रम असलं बरंच भंगार घरात साठलं आहे. त्यामुळे ‘क्विकशिफ्टर असलेलं मॉडेल घ्यावं का?’ असं कुणी विचारलं की मी जरा जास्तच बोलतो. हा लेख त्या जास्तीच्या बोलण्याचाच.

हा प्रश्न आता फक्त श्रीमंतांचा राहिलेला नाही. २००८च्या बीएमडब्ल्यू एचपी२ स्पोर्टसारख्या मोजक्या महागड्या गाड्यांवर कारखान्यातूनच बसवून येणारी, क्लच न दाबता गिअर टाकण्याची ही सोय २०२०मध्ये चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ॲडव्हेंचरवर आली. २०२१मध्ये यामाहाच्या आर१५ व्ही४वर आली, तीही फक्त वरचे गिअर टाकण्यापुरती. २०२३मध्ये टीव्हीएसच्या अपाचे आरटीआर ३१०ला वर-खाली दोन्हीकडचा क्विकशिफ्टर मिळू लागला. कॉलेजात जाणारा मुलगा आज वडिलांशी वाद घालतो तो याच्यावरून.

गिअरबॉक्स कसा चालतो हे वाचकांना ठाऊक असेलच, म्हणून भरभर सांगतो. मोटरसायकलचे सगळे गिअर कायम एकमेकांत अडकून फिरतच असतात. बदलतो तो फक्त शाफ्टशी कोणता गिअर बांधला जातो एवढाच तपशील. ही बांधाबांध करतात गिअरच्या बाजूला असलेले जाड कंगोरे, ज्यांना मेकॅनिक ‘डॉग’ म्हणतात. दोन्ही हातांची बोटं गुंफून ओढावीत तसे इंजिनाच्या ताकदीखाली हे डॉग एकमेकांना घट्ट धरून बसतात. त्यांच्या कडा मुद्दाम थोड्या आत झुकलेल्या कापतात, म्हणजे ताण आला की पकड आणखी वाढते. ती सुटल्याशिवाय पुढचा गिअर पडत नाही. सोडवण्याचे मार्ग तीन : रेस सोडा, क्लच दाबा किंवा क्षणभर इंजिनाचा श्वासच कोंडा. क्विकशिफ्टर हा तिसरा मार्ग. लिव्हरच्या दांडीवरचा सेन्सर पायाचा दाब ओळखतो, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, काही मिलिसेकंद ठिणगी किंवा पेट्रोल तोडतो, डॉग सैल पडतात आणि गिअर सरकतो. खालचे गिअर टाकताना उलटा खेळ : इंजिनाचे फेरे वाढवावे लागतात, म्हणून तिथे थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक हवा, जो ईसीयू स्वतः किंचित उघडतो.

या कल्पनेचं मूळ सरळ रेषेत पळण्याच्या शर्यतीत आहे, म्हणजे ड्रॅग रेसिंगमध्ये. तिथे दाबलेल्या हवेचा छोटा सिलिंडर गिअर लिव्हर ढकलतो, त्याच क्षणी इग्निशन तुटतं आणि हे सगळं घडवायला रायडर अंगठ्याने दाबतो हॉर्नचं बटण. बरोबरच आहे. तिथे हॉर्न वाजवायचा कुणासाठी? आपल्याकडे मात्र त्या बटणाला दुसरं काम देणं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. क्विकशिफ्टर आपल्या रस्त्यांवर थोडा परका का वाटतो, त्याचं अर्धं उत्तर या बटणातच आहे.

उरलेलं अर्धं उत्तर गणितात आहे. ठिणगी तोडण्याची वेळ समजा साठ मिलिसेकंद धरू, साधारण तेवढ्यातच हे काम होतं. चार सिलिंडरचं इंजिन दहा हजार आरपीएमवर असेल तर दर तीन मिलिसेकंदांना एक स्फोट होतो, म्हणजे साठ मिलिसेकंदांत वीस स्फोट गाळले जातात. ताकद गुळगुळीत खाली येते, गुळगुळीत वर जाते. आता आपलं एका सिलिंडरचं इंजिन घ्या, सिंहगड रोडच्या गर्दीत अडीच हजार आरपीएमवर चालणारं. त्यात स्फोट होतो दर अठ्ठेचाळीस मिलिसेकंदांनी. साठ मिलिसेकंदांच्या त्या खिडकीत कधी एक स्फोट गळतो, कधी दोन. एक गळला तर गिअर मऊ पडतो, दोन गळले तर गाडी मान टाकते आणि मागे बसलेल्याचं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर आपटतं. ‘कधी छान चालतो, कधी झटका देतो, सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात काही बिघाड नाही’ या तक्रारीचा मोठा भाग इथे आहे. सर्व्हिस सेंटरवाले बहुधा खरंच बोलत असतात. बिघाड नाही, मोठ्या आकड्यांसाठी जन्मलेली युक्ती छोट्या आकड्यांत वापरली जाते आहे.

मॅन्युअलमध्ये हे सगळं लिहिलेलं असतं. क्विकशिफ्टरचं पान म्हणजे अटींची जंत्री. ठरावीक वेगाच्या वर असावं. ठरावीक आरपीएमच्या वर असावं. वरचा गिअर टाकताना थ्रॉटल उघडा असावा, खालचा टाकताना बंद. क्लचला हात लावू नये. लिव्हर पूर्ण आणि ठामपणे दाबावी, सोडल्यावर पाय बाजूला घ्यावा. शांतपणे वाचलं तर हे पान सांगतं की सिग्नल, स्पीडब्रेकर, रिक्षा आणि गाय यांपैकी काहीही समोर असेल तर क्लच वापरा. यातली थ्रॉटलची अट सगळ्यात जास्त मोडली जाते. वर्षानुवर्षांच्या सवयीने रायडर आधी रेस सोडतो आणि मग लिव्हर दाबतो. रेस सोडली की ताण डॉगच्या उलट्या बाजूला जातो. आता चाक इंजिनाला ओढत असतं. अशा वेळी ठिणगी तोडून काय होणार? तोडायला ताकदच उरलेली नसते.

आता ज्या माणसासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं त्याच्याकडे वळतो. हॅरल्ड विलिस. बर्मिंगहॅमच्या हॉल ग्रीनमध्ये गुडमन कुटुंबाचा व्हेलोसेट मोटरसायकलींचा कारखाना होता, विलिस तिथला रेसर आणि प्रयोगशील इंजिनियर. १९२७ आणि १९२८ अशी लागोपाठ दोन वर्षं आइल ऑफ मॅनच्या ज्युनियर टीटी शर्यतीत तो दुसरा आला. १९२८मध्येच ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ३५० सीसी गाडीवर त्याने एका तासात शंभर मैलांहून जास्त अंतर कापलं. गड्याची जीभ तिरकस होती. सुपरचार्जर लावलेल्या एका गाडीचं तिच्या आवाजावरून त्याने ‘व्हिफलिंग क्लारा’ असं बारसं केलं. दोन कॅमशाफ्टच्या इंजिनाला इंग्रज आजही ‘डबल नॉकर’ म्हणतात, तो शब्द त्याचाच मानला जातो.

त्या काळी रेसिंगच्या गाड्यांनाही गिअर हाताने टाकावा लागे. टाकीशेजारी दांडा, त्याच्या खाचा, आणि दगडी कुंपणांमधून भरधाव जाताना हँडल एका हाताने धरायचं. काहींनी दांडा पायाशी आणून पाहिला, पण तोही खाचांमधून ढकलावा लागे. नेमका किती ढकलला तर दुसरा गिअर, किती ढकलला तर तिसरा, हे पायाने चाचपायचं. विलिसने लिव्हरला रॅचेट आणि स्प्रिंग जोडली. एकदा दाबलं की एकच गिअर, त्याहून पुढे जाताच येत नाही, आणि पाय काढला की लिव्हर पुन्हा मधल्या जागेवर. १९२९च्या केटीटी मॉडेलबरोबर ही सोय विकत मिळू लागली आणि पुढे साऱ्या जगाने उचलली. आपण रोज जी लिव्हर दाबतो ती तीच. १९३९मध्ये विलिस गेला. त्याच वर्षी त्याची ‘रोअरर’ नावाची दोन सिलिंडरची सुपरचार्ज्ड गाडी टीटीच्या सरावात धावली, शर्यतीत कधीच नाही. महायुद्ध आलं.

क्विकशिफ्टरच्या कुठल्याही माहितीपत्रकात विलिसचं नाव सापडणार नाही, पण त्याच्याशिवाय हे यंत्र उभं राहत नाही. लिव्हर दर वेळी मधोमध परत येते म्हणूनच प्रत्येक दाब वेगळा ओळखू येतो. सेन्सर ऐकतो तो हा दाब. आणि पाय लिव्हरवर नुसता टेकवून ठेवायची सवय असेल तर सेन्सरला खोटी हाक ऐकू येते, गाडी विनाकारण आचका देते. मॅन्युअल पाय बाजूला घ्यायला सांगतं ते यासाठी.

क्लच न दाबता गिअर टाकण्याचं कौतुक भारतीय माणसाने ऐकावं हे मात्र मला गमतीचं वाटतं. मैसूरच्या आयडियल जावाने १९६१पासून ज्या गाड्या बनवल्या आणि पुढे येझदी नावाने १९९६पर्यंत ज्या रस्त्यावर येत राहिल्या, त्यांच्या मालकांच्या डाव्या पायाखाली ही सोय होतीच. किक आणि गिअरचा दांडा एकच, हे सगळ्यांना आठवतं. फार थोड्यांच्या लक्षात राहिलं की तो दांडा हलला की आतली एक यंत्रणा क्लचही आपोआप मोकळा करते. सेन्सर नाही, वायर नाही. दांडा अर्धवट दाबून धरायचा, हळूहळू सोडायचा, आणि हात न लावता गाडी जागची हलवायची, असा खेळ जुने येझदीवाले करून दाखवतात. मूळ गाडी चेकोस्लोव्हाकियाची. आपोआप सुटणारा हा क्लच तिथे १९४६च्या ‘पेराक’वरही होता, आणि ती गाडी जर्मनांच्या ताब्यातल्या देशात चोरून घडवलेली, चाचणीच्या वेळी डीकेडब्ल्यूचं नाव चिकटवून फिरवलेली.

डॉगची पकड सोडवण्यासाठी जावाने इंजिनाला गप्प केलं नाही, क्लच मोकळा केला. क्लच सावकाश सुटतो, सावकाश पकडतो. दोन स्फोटांमधली खिडकी लहान आहे की मोठी याच्याशी त्याला घेणं नाही. म्हणूनच तो गर्दीत चालतो, दूधवाल्याच्या किटल्यांसकट चालतो. शर्यतीत तो चालला नसता, कारण तिथे तेवढाही वेळ नाही. २०११मध्ये होंडाने मोटोजीपीत ज्या गिअरबॉक्सने सगळ्यांची झोप उडवली त्यात इंजिनाची ताकद जवळजवळ तुटतच नव्हती. यामाहाला तसाच गिअरबॉक्स शर्यतीत उतरवायला २०१३चं मिसानो उजाडलं. हे शर्यतीचं गणित. आपलं नाही.

आणि आपण किती लहरी! २००९मध्ये टीव्हीएसने जाइव्ह नावाची ११० सीसीची मोटरसायकल आणली. क्लच लिव्हरच नाही, गिअर पायाने टाकायचे, क्लच आपोआप. शहरासाठी याहून शहाणी कल्पना नसेल. कुणी घेतली नाही. क्लच लिव्हर नसलेली मोटरसायकल म्हणजे मोपेड, आणि मोपेड म्हणजे कमीपणा. तीच कंपनी आज अपाचेवर क्विकशिफ्टर देते आणि लोक त्यासाठी जास्तीचे पैसे मोजतात. सोय तीच, फक्त एकीवर गरज म्हणून होती, दुसरीवर मिरवायला.

मग घ्यावा की नाही? ताम्हिणीत किंवा आंबा घाटात मोकळ्या रविवारी, सहा-सात हजारांच्या वर फेरे चढलेले असताना, वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल न सोडता तिसऱ्यातून चौथा टाकायचा अनुभव मस्त आहे, मी खोटं कशाला बोलू. वळणाआधी खालचे गिअर टाकताना गाडी स्वतःहून रेस देते तेव्हा तर आपण फार मोठे रायडर आहोत असं वाटतं. या वाटण्याची किंमत चार-पाच हजार असेल तर ठीक आहे. त्याच्यासाठी मॉडेलच वरचं घ्यावं लागत असेल आणि गाडी रोज स्वारगेट ते हिंजवडी करणार असेल, तर ते पैसे चांगल्या टायरांत घाला. फक्त वर चालणारा क्विकशिफ्टर तर शहरात जवळजवळ निरुपयोगी, कारण शहरात गिअर जितके चढवावे लागतात तितकेच उतरवावेही लागतात, आणि उतरवताना तो कामाचा नाही.

ज्यांच्याकडे आहेच त्यांनी सेन्सरला शिव्या देण्याआधी चेन बघावी. चेन ढिली असली की ठिणगी तुटण्याच्या प्रत्येक क्षणानंतर, म्हणजे प्रत्येक कटनंतर, तिचा झोल आपटतो आणि दोष क्विकशिफ्टरवर जातो. लिव्हरच्या दांडीचे सांधे झिजले असतील तर दाब अर्धाच पोचतो, कट आधी होतो, गिअर नंतर सरकतो, आणि मधेच फॉल्स न्यूट्रल लागतो. पहिल्यातून दुसरा टाकताना क्लच दाबाच. त्या दोन गिअरांमधलं अंतर सगळ्यात मोठं, आणि वाटेत न्यूट्रलही बसलेला. डॉगच्या कडा एकदा गोल झाल्या की अख्खा गिअरबॉक्स उघडावा लागतो, आणि ते बिल कुठलाही क्विकशिफ्टर वाचवत नाही.

होंडाने २०२४मध्ये ई-क्लच आणला आणि २०२५मध्ये सीबी६५०आर, सीबीआर६५०आर यांच्यासोबत तो भारतातही पोचला. क्लचची लिव्हर जागेवरच आहे, पण दाबायची गरज नाही. मोटर क्लच सांभाळते. सिग्नलला थांबा, पुन्हा निघा, गर्दीत दुसऱ्यावर रेंगाळा, गाडी बंद पडत नाही. त्याच्या तांत्रिक माहितीत मोटर, सेन्सर, ईसीयू सगळं सविस्तर लिहिलेलं आहे. येझदीचा जुना मालक ते वाचून म्हणेल, आमच्याकडे हे एका दांड्यात होतं, आणि बॅटरी उतरली तरी चालायचं.